ताट पुढे सरकवू नकोस

प्रिय बाळ,

गेल्या रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजनाचं, म्हणजे प्रभू येशूच्या आठवणीत वाटतात त्या भाकरीचं, ताट तुझ्या बाकापर्यंत आलं आणि भाकरीला हात न लावता तू ते शेजारच्या काकांकडे दिलंस. मी दोन बाक मागे होते. नंतर जिन्याखाली तू जे सांगितलंस, त्यावर तेव्हा काहीच बोलले नाही. बोलले असते तर तिथेच रडू कोसळलं असतं. म्हणून हे पत्र.

लेंटचे, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाचे, चाळीस दिवस एकदाच जेवायचं ठरवलंस. सतराव्या रात्री इंदूरच्या सराफ्यात, त्या रात्रीच्या खाऊबाजारात, गेलास, भुट्ट्याचा कीस, खोपरापॅटिस, मालपुवे बांधून घेतलेस आणि भंवरकुआंच्या खोलीवर दाराला कडी घालून, दिवा न लावता, पोट दुखेपर्यंत खाल्लंस. दुसऱ्या दिवशी शिक्षा म्हणून पाण्याशिवाय काही नाही. तिसऱ्या रात्री पुन्हा सराफा. आणि आता म्हणतोस, ‘मावशी, मी प्रभूच्या मेजाला लायक नाही.’

किती खाल्लंस हे मी विचारणार नाही. कुणाबरोबर खाल्लंस, एवढंच विचारीन. एकटा खाऊ नकोस. मला सांगायचं आहे ते इतकंच, बाकी सगळं याच्याच मागेपुढे येईल.

‘अयोग्य प्रकारे’ भाकर खाणारा दोषी ठरतो, असं प्रेषित पौलानं करिंथच्या मंडळीला लिहिलं, ते वचन तू पाठ म्हणून दाखवलंस. त्याच्या आधीच्या ओळी वाचल्यास का? पहिल्या पत्राचा अकरावा अध्याय विसाव्या ओवीपासून वाच. तिथले लोक प्रभूच्या भोजनाला जमायचे आणि जो तो आपलं आपलं आधीच उरकून घ्यायचा. एक उपाशी राहायचा, दुसरा पिऊन तर्र. पौल चिडला तो यावर. आणि उपाय काय सांगितला? जेवायला जमाल तेव्हा एकमेकांची वाट पाहा. ज्या वचनाच्या भीतीनं तू ताट सरकवलंस, ते वचनच तुला सांगतं आहे की एकटा खाऊ नकोस. तीस वर्षं मी हे सांगते आहे. मंडळीतल्या काहींना माझा अर्थ सैल वाटतो. वाटू दे.

आता उपासाचं. १९४५ साली अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात ३६ धडधाकट तरुणांना जवळजवळ सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं. स्वतःहून आलेले होते ते, युद्धात शस्त्र धरायला नकार दिलेले, त्यातले पुष्कळ ब्रदरन, क्वेकर, मेनोनाइट अशा ख्रिस्ती पंथांतले. म्हणजे विश्वासात कच्चे नव्हते. तरी त्यांच्या डोक्यात दिवसरात्र अन्नच, काही जण तर पाककृती जमवायला लागले. आणि पोटभर मिळायला लागल्यावर काही जण इतकं खात सुटले की पोट गच्च भरलं तरी भूक मिटेना. उपाशी ठेवलेलं शरीर असंच वागतं. तुझ्या सतराव्या रात्रीत सैतान शोधण्याआधी सोळा दिवस मोज.

मी उपासाच्या विरोधात नाही. पण बायबलमध्ये यशया संदेष्ट्याच्या अठ्ठावन्नाव्या अध्यायात देवाला आवडणारा उपास कोणता सांगितलाय? आपली भाकर भुकेल्याला वाटणं. तिथेही भाकर आहेच आणि समोर दुसरं माणूस आहे. स्वतःला शिक्षा म्हणून केलेल्या उपासात तू एकटाच असतोस, आणि नंतरच्या खाण्यातही एकटाच.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. लग्नानंतर चार वर्षं मी रात्री सगळे झोपले की स्वयंपाकघरात अंधारात उभी राहून खात असे. डब्यातली शेव, उरलेली पोळी, साखर, काहीही. एका पाळकांना अर्धवट सांगितलं, त्यांनी उपास सांगितला. उपासानं ते वाढलं. एका नाताळात फराळाच्या करंज्यांचा अख्खा डबा मी दोन रात्रींत संपवला. सासूबाईंनी विचारलं तेव्हा मी कामाच्या बाईंकडे पाहिलं. बोलले काहीच नाही, नुसतं पाहिलं. सासूबाईंनी त्याच दिवशी त्यांचा हिशेब केला. त्या एक शब्द न बोलता गेल्या. मी तेव्हा चोवीस वर्षांची होते, त्या घरात सुनेला भूक लागते हे म्हणायची सोय नव्हती, नवरा सतत दौऱ्यावर. हे सगळं खरं आहे. पण त्या बाईंना दोन मुलं होती, हेही खरं आहे. पुढे मी त्यांना शोधायला गेले तोवर त्या वस्ती सोडून गेल्या होत्या. खाल्ल्याबद्दल प्रभूनं मला केव्हाच क्षमा केली, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. लपवण्याची किंमत मात्र दुसऱ्यानं भरली. म्हणून तुझ्या दाराच्या कडीचं ऐकलं की मला राहवत नाही.

तर उद्यापासून सकाळी पोहे, दुपारी मेसचं जेवण, संध्याकाळी काहीतरी, रात्री जेवण. वेळेवर, भूक असो नसो, आणि कुणाच्या तरी समोर. आदल्या रात्री कितीही खाल्लं असलंस तरी दुसऱ्या दिवशीचं एकही जेवण चुकवायचं नाही. सराफ्यात जायचं तर रूममेटला घेऊन जा, तिथेच उभ्यानं खा, बांधून काही आणू नकोस. आणि हे आवरता न येणारं खाणं आठवड्यातून एकदा तरी, असं तीन महिने चाललं असेल, तर डॉक्टर याला आजार म्हणतात आणि त्यावर उपचार आहेत. खाल्लेलं ओकून काढत असशील तर तीन महिने थांबायचंच नाही. एम.वाय. रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, मी सोबत येईन. प्रार्थना करतोस म्हणून डॉक्टर नको, हे मला ऐकवू नकोस. तुझ्या वडिलांच्या शुगरच्या गोळ्या प्रार्थनेनं बंद झाल्या का?

प्रभूचा शिष्य पेत्र, त्यानं तीनदा प्रभूची ओळख नाकारली होती. पुनरुत्थानानंतर प्रभू त्याला किनाऱ्यावर भेटला तेव्हा निखाऱ्यांवर मासे ठेवलेले होते, भाकर होती. ‘या, न्याहारी करा’ म्हणाला. ‘माझ्यावर प्रेम करतोस का’ हा प्रश्न न्याहारी झाल्यावर विचारला. पेत्र लायक ठरेपर्यंत मासे झाकून ठेवले नव्हते. आणि प्रभूनं शिकवलेल्या प्रार्थनेत ‘आमची रोजची भाकर आज आम्हांला दे’ असं आहे. आमची. तू ती खोलीवर एकटा म्हणतोस तेव्हासुद्धा आमचीच.

पुढच्या महिन्यात ताट पुन्हा येईल. मी या वेळी तुझ्याच बाकावर बसणार आहे.

त्याआधी गुरुवारी संध्याकाळी सात वाजता घरी ये. पिठलं-भाकरी आणि ठेचा आहे. दुपारचं जेवण टाळून येऊ नकोस.

तुझी
मावशी