उदोन थानीत राहायला येताय? मग 2012 चं उदोन डोक्यातून काढून या

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. नवरा-बायको दोघंच, वय 54 आणि 51, पुण्यातला फ्लॅट भाड्याने द्यायचा आणि ईशान म्हणजे ईशान्य थायलंडात उदोन थानीला येऊन राहायचं, कारण 2012 ला लाओसला जाताना चार दिवस इथे थांबला होतात, गाव स्वस्त वाटलं, शांत वाटलं, माणसं गोड वाटली. आणि आता जुने गोरे लोक व्हिडिओ टाकून सांगतायत की उदोन बिघडलं, म्हणून तुमचा जीव खालीवर होतोय. मी 2008 पासून इकडे आहे. मूळचा सांगलीकडचा, साखर कारखान्याच्या मशिनरीतला, एका कारखान्याच्या कामासाठी आठ महिने म्हणून आलो, मग लग्नच इथल्या मुलीशी झालं आणि राहिलो. म्हणजे माझं बोलणं घरजावयाचं आहे, रिटायर होऊन आलेल्या माणसाचं नाही, ते धरून वाचा.

आधी ते बिघडलं प्रकरण. माझ्या गल्लीत एक इंग्रज म्हातारबुवा आहेत, रोज संध्याकाळी हेच सांगतात. ते आले तेव्हा एका पौंडाला 70 च्या आसपास बाट मिळायचे, ब्रेक्झिटनंतर ते 45 च्या खाली गेले, आणि वर ब्रिटनची सरकारी पेन्शन थायलंडात राहणाऱ्याला वाढत नाही, पहिल्या दिवशी जी लागली ती मरेपर्यंत तेवढीच. आता अशा माणसाला गाव बिघडलेलंच दिसणार ना. पेठेतला माणूस पूर्वीचं पुणं राहिलं नाही म्हणतो तशातलं हे, त्यात अर्धं दुःख पुण्याचं असतं आणि अर्धं स्वतःच्या गुडघ्यांचं.

पण हसू नका, आपलंही तेच झालंय. 2010 च्या सुमारास एक बाट दीड रुपयाच्या आत होता, आता अडीचच्या बराच वर गेलाय. बारा हजार बाट भाड्याचं घर तेव्हा सतरा हजार रुपयांना पडलं असतं, आज तीस हजाराच्या वर जातं, आणि घरमालकाने एक बाटही वाढवलेला नसतो. भाववाढ आहेच, बाजारातली तीस-पस्तीसची भाताची प्लेट आता पन्नास-साठला झालीय, पण तुमच्या हिशोबाला खरा खड्डा रुपयाने पाडलाय. त्यामुळे 2012 ची डायरी काढून बजेट लावलं असेल तर ते आधी फाडा. पुण्यापेक्षा स्वस्त पडेल म्हणून येत असाल तर येऊ नका, सरळ सांगतो. तेवढ्याच पैशात घर ऐसपैस मिळेल, रस्ते बरे, वीज सहसा जात नाही, हे मात्र खरं.

आता गावाचं. उदोन थानी म्हणजे आपलंच उत्तर धानी बरं का, नाव संस्कृतातून आलेलं. गाव तसं जुनं नाहीच. 1893 ला फ्रेंचांशी तह झाला, मेकाँग नदीपासून 25 किलोमीटरच्या आत सयामने, म्हणजे तेव्हाच्या थायलंडने, सैन्य ठेवायचं नाही असं ठरलं, मग राजपुत्र प्रचाक नदीकाठच्या नोंग खाईहून आपला तळ उचलून इकडे आला आणि गाव वसलं. त्याचा पुतळा चौकात आहे, रोज हार-उदबत्त्या असतात. पुढे व्हिएतनाम युद्धात अमेरिकन हवाई दलाचा मोठा तळ इथे होता, ते 1976 ला गेले, धावपट्टी राहिली, तीच आज विमानतळाची. व्हिएतनामी लोक त्याच्याही आधीपासून आहेत, हो चि मिन्ह स्वतः 1920 च्या दशकाच्या शेवटी इथल्या एका खेड्यात राहून गेला, तिथे आता म्युझियम आहे. म्हणजे हे गाव बाहेरच्यांना मुळीच नवखं नाही, येणारे येतात जाणारे जातात, त्याचं कोणाला काही वाटत नाही. आपण फार मोठं काहीतरी करतोय असं वाटत असेल तर इथे आल्यावर दोन आठवड्यात उतरतं.

तुम्ही आलात त्याच्या आधीच इथला मोठा मॉल सेंट्रल ह्या बड्या थाई मॉलवाल्या कंपनीने घेतला होता, त्यानंतर सगळं भराभर झालं. रिंगरोडच्या दोन्ही बाजूंना भाताची शेतं होती तिथे गेटवाल्या कॉलन्या झाल्या. पोरं आधी बँकॉकला जायची ती जायचीच, पण कोविडमध्ये बरीच परत आली आणि त्यातल्या काहींनी कॉफी शॉप काढली, आता आमच्या रस्त्यावर चहाकॉफीची सात दुकानं आहेत, पिणारे कोण देव जाणे. 2024 च्या जुलैपासून बँकॉकची गाडी उदोनवरून थेट लाओसच्या राजधानीला, व्हिएन्तिआनला जाते. हाय-स्पीड रेल्वेचा कोराट ते नोंग खाई टप्पा, 357 किलोमीटर, फेब्रुवारी 2025 मध्ये कॅबिनेटने पास केला. आणि नोव्हेंबर 2026 ते मार्च 2027 मोठं आंतरराष्ट्रीय फुलझाडांचं प्रदर्शन उदोनला ठरलंय, त्याच्या नावाखाली जमिनीचे भाव काय वाटेल ते सांगतात. माझ्या सासऱ्यांना हे सगळं प्रचंड आवडतं. गेल्या वर्षी त्यांना मॉलमधल्या एसीत बसून आइस्क्रीम खाताना बघितलं, पायात शेतातल्या चपला, चेहऱ्यावर समाधान. त्यांना जाऊन सांगा तुमचं गाव बिघडलं म्हणून.

सगळं गोड आहे असंही नाही. एक गोष्ट कोणी व्हिडिओत दाखवत नाही, जानेवारी ते मार्च. हा उसाचा पट्टा आहे, आणि इथे तोडायच्या आधी ऊस पेटवतात, म्हणजे आपण ज्याला जळीत ऊस म्हणतो ना, तो. तोडायला मजूर मिळत नाहीत, जळलेला ऊस पटापट तुटतो, आणि लहान तुकड्यांत हार्वेस्टर फिरत नाही, कारणं सगळी आपल्याकडचीच. रात्री दूरवर आकाश लाल दिसतं आणि सकाळी अंगणात काळ्या लांब लांब काड्या पडलेल्या असतात, इथे त्याला काळा बर्फ म्हणतात. हात लावला की पीठ होतं आणि कपड्यावर काळी रेघ. सासूबाई दोरीवरचे कपडे काढताना माझ्याकडे बघतात, ह्यांच्याच धंद्याची घाण असं. सरकारने बराच दट्ट्या लावलाय, जळक्या उसाला दंड, 2025 च्या जानेवारीत तर जिल्ह्यातल्या एका कारखान्याचं गाळप त्यावरून थांबवलं होतं, फरक पडतोय पण गेलेलं नाही. तुमच्या मिसेसना दमा आहे असं तुम्ही जाता जाता लिहिलंय. अहो ते जाता जाता लिहायचं नव्हतं, तोच तुमचा पहिला प्रश्न असायला हवा होता. डिसेंबरमध्ये येऊन लाल कमळांचं तळं बघून, गार हवेत फिरून निर्णय घेतात लोक, आणि मग मार्चला खिडक्या बंद करून एअर प्युरिफायरसमोर बसतात. मागोमाग एप्रिलचं 40 डिग्री.

खाण्याचं विचारलंत. तुम्ही अंडं आणि मासे खाता, मग अर्धी लढाई जिंकलात. सकाळी छोट्या तव्यात अंडी, वर खिमा आणि सॉसेज, सोबत लहानसा पाव, हा उदोनचा नाश्ता, व्हिएतनामी लोकांची देणगी. खरा प्रश्न पला राचा आहे. ती माशांची आंबवलेली खारी चटणी, सोमताममध्ये म्हणजे कच्च्या पपईच्या त्या तिखट कोशिंबिरीत घालतात, सुक्या बोंबलाचा वास ज्याला जात नाही त्याने गल्लीच्या तोंडाशीच मागे फिरावं. मला पहिलं वर्ष जमलं नाही, आता त्याशिवाय सोमताम पाणचट लागतं. कोपऱ्यावरच्या मावशी खलबत्त्यात मिरच्या टाकतात आणि विचारतात किती, मी पाच म्हणालो तेव्हा पहिल्यांदा त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. खाऊन झालं की विचारणार, सॅप बो? म्हणजे चवदार झालंय ना? ही थाई नाही, ईशानची लाओ बोली आहे, आणि ह्या दोन शब्दांनी जेवढं काम होतं तेवढं माझ्या क्लासमधल्या सहा महिन्यांच्या थाईने झालं नाही. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या जागेवर कॉफी शॉप आलं, त्या गाडा घेऊन पन्नास पावलं पुढे सरकल्या आणि क्यूआर कोड लावला, धंदा वाढला म्हणतात. शुद्ध शाकाहारी पाहुणे आले तर ‘जे’ असं थाई अक्षरांत लिहिलेली पिवळी झेंडी शोधा, त्यात कांदा-लसूणही नसतो, आपल्या चातुर्मासासारखं, सप्टेंबर-ऑक्टोबरमधल्या शाकाहारी उत्सवाच्या नऊ दिवसांत तर जागोजागी लागतात. साबुदाणा इथे साखू म्हणून मिळतो, टॅपिओकाचाच, पण आपल्यासारखा भिजवून खिचडी करायला गेलात तर खळ होते, मी दोनदा केलीय. तूरडाळ बँकॉकहून मागवतो.

लोक कसे वागवतात हेही विचारलंत. गोऱ्याला फरांग म्हणतात, आपल्या फिरंगीचा भाऊ. आपल्याला खॅक. खॅकचा एक अर्थ पाहुणा आणि दुसरा अर्थ भारतीय, अरब, सगळे मिळून तुम्ही लोक. शिवी नाही, पण फार प्रेमाचा शब्दही नाही. कापडाच्या दुकानातले पंजाबी इथे दोन-तीन पिढ्या आहेत, आपण त्यांचेच कोणीतरी असं धरतात. फरांगला चारचौघात जरा जास्त हसू मिळतं, आपल्याला जरा कमी, सुरुवातीला टोचतं. त्यावर मला सापडलेला उपाय एकच, रोज एकाच जागी दिसत राहणं. नोंग प्रचाक तळ्यावर, ते मोठ्या पिवळ्या बदकांचं, मी संध्याकाळी चालायला जातो. पहिल्या आठवड्यात सहा वाजता भोंग्यावर राष्ट्रगीत लागलं, धावणारे, एरोबिक्सवाल्या बायका, भजी तळणारा, सगळे जागच्या जागी थांबले, आणि मी आपला कानात इअरफोन घालून तरातरा चाललोय. कोणी काही बोललं नाही. एका आजोबांनी फक्त हाताचा पंजा हळूच खाली दाबून दाखवला, थांब म्हणून. पुढे तेच आजोबा रोज भेटायचे, त्यांनीच मला घर दाखवलं, त्यांच्याच भाचीच्या ओळखीतून पुढे लग्नापर्यंत गाडी गेली.

कागदपत्रं थोडक्यात. पन्नाशी पार आहे म्हणजे रिटायरमेंटचा रस्ता आहे, थाई बँकेत 8 लाख बाट किंवा महिना 65 हजार उत्पन्न, एकाच्या नावावर केलं तर जोडीदार डिपेंडंट म्हणून राहू शकतो, दोघांचे वेगळे 8 लाख लागत नाहीत. ते पैसे अर्जाआधी दोन महिने आणि नंतर तीन महिने हलवायचे नाहीत, मग वर्षभर 4 लाखांच्या खाली जाऊ द्यायचे नाहीत. दर नव्वद दिवसांनी पत्ता कळवायचा, मी एकदा विसरलो, 2 हजार बाट दंड भरला, चूक माझीच होती. देशाबाहेर जाताना री-एन्ट्री परमिट काढायचं, नाहीतर विमान उडालं की व्हिसा मेला. वर्षात 180 दिवस राहिलात की तुम्ही इथले टॅक्स रेसिडेंट, आणि 2024 पासून बाहेरचं उत्पन्न इकडे आणलं की त्यावर कर लागू शकतो. भारताशी करार आहे, पण फ्लॅटचं भाडं कसं आणायचं ते येण्याआधी सीएला विचारा, आल्यावर नाही. जमीन आपल्या नावावर होत नाही, काँडो म्हणजे इमारतीतला फ्लॅट होतो, पण उदोनला काँडो घेऊ नका, विकायला गेलात की गिऱ्हाईक मिळत नाही. भाड्याने राहा.

आणि स्कूटर. परवाना नसताना चालवलीत तर इन्शुरन्सवाले हात वर करतात. इथे परदेशी माणूस आजारी पडून कमी आणि स्कूटरवरून पडून जास्त हॉस्पिटलात जाताना मी बघितलाय. सुरुवातीला स्कायलॅब वापरा, ती तीनचाकी मोटरसायकल. 1979 ला स्कायलॅब हे अमेरिकेचं अवकाशस्थानक पडणार म्हणून आपल्याकडे पण घबराट झाली होती ना, आई मला घराबाहेर सोडत नव्हती, त्याच वेळचं नाव ह्या गाडीला इथे चिकटलंय.

तर माझं म्हणणं असं, पुण्यातला फ्लॅट लगेच भाड्याने देऊ नका. पुढच्या वर्षी दोघं फेब्रुवारीच्या शेवटी या, सोंगक्रान ह्या थाई नववर्षापर्यंत, म्हणजे 15 एप्रिलपर्यंत राहा. धूर आणि ऊन, दोन्ही अंगावर घ्या. मिसेसची छाती काय म्हणते ते बघा, बाकीचं सगळं त्यावर. इथली हवा नाही मानवली तर चांथाबुरीसारखं समुद्राच्या बाजूचं गाव बघा, तिकडे पाऊस जास्त पण धूर कमी. आलात की कळवा, जेवायला घरी या, येताना एक किलो तूरडाळ आणा. बायको सोमताम करेल आणि विचारेल पला रा चालते का, तेवढं दोघांनी विमानातच ठरवून ठेवा.