विद्यापीठातून सीट मिळत नसते दादा, आणि मुलीने भरलेला फॉर्म फाडू नका

नमस्कार दादा,

तुमचं पत्र वाचलं. मुलीला नीटमध्ये, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेत, ७२० पैकी आधी ३१८ आणि रिपीट करून ३४१ मिळाले हे तुम्ही तीन वेळा लिहिलंय. आणि ती दीड महिना धड जेवत नाही, खोलीतून बाहेर येत नाही, हे एकाच ओळीत, तेही "नखरे" म्हणून. मला मार्कांची नाही, त्या ओळीची काळजी वाटते. दोन वर्षं एकच परीक्षा, घरात दुसरा विषय नाही, त्यात तुम्ही तिला ऐकवलं की "तू डॉक्टर झाली नाहीस तर गावात मान वर करता येणार नाही". एकोणीस वर्षांच्या पोरीने तुमची मान कशी काय सांभाळायची? आधी तिच्याजवळ बसा, मार्कांचं नाव न काढता बोला, आणि ती तुमच्याशी बोलत नसेल तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर तिच्या हातात द्या, फुकट आहे, मराठीत बोलतात. तिसऱ्या अटेम्प्टचं आत्ता नावही नको.

आता तो "नाशिकच्या विद्यापीठातून सीट करून देतो" म्हणणारा माणूस, ज्याला तुम्ही प्लॉट विकून पैसे द्यायला निघालात. नाशिकचं ते विद्यापीठ म्हणजे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ, ते १९९८ पासून आहे, कॉलेजांना संलग्नता देणं, परीक्षा घेणं, डिग्री देणं हे त्यांचं काम. एमबीबीएस, बीएएमएसच्या सीटा ते वाटत नाहीत. अ‍ॅडमिशन नीटच्या मेरिटवर, राज्याच्या सीईटी सेलच्या, म्हणजे सरकारी प्रवेश कक्षाच्या, कॅप राउंडमधून (केंद्रीय प्रवेश फेऱ्यांमधून) होतं, खाजगी कॉलेजातल्या इन्स्टिट्यूशनल कोट्याच्या, ज्याला लोक मॅनेजमेंट कोटा म्हणतात, त्या सीटासुद्धा त्याच प्रोसेसमधून जातात. म्हणजे जी गोष्ट विद्यापीठाच्या हातात नाहीच ती हा माणूस तुम्हाला विकतोय. एक रुपया देऊ नका, आणि आधीच काही दिलं असेल तर लाजू नका, पोलिसांत तक्रार करा.

बीएएमएस (आयुर्वेद), बीएचएमएसलाही (होमिओपॅथी) नीट क्वालिफाय असावंच लागतं, रस असेल तर तो पर्याय बघा, पण एमबीबीएस नाही मिळालं म्हणून तिकडे ढकलू नका.

आणि जे तुम्ही रागाने शेवटी लिहिलंय, की तिने न सांगता बीएस्सी नर्सिंगच्या सीईटीचा फॉर्म भरला, परीक्षा दिली, "नर्स करायला शिकवलं का हिला", तर दादा, त्याच विद्यापीठाची डिग्री नर्सिंगलाही मिळते, चार वर्षांचा कोर्स आहे, पुढे एमएस्सी आहे, आणि आयसीयूमध्ये रात्रभर पेशंटवर नजर कोण ठेवतं ते घरातलं कुणी अ‍ॅडमिट झालं असेल तर तुम्ही बघितलंच असेल. खचलेली असताना, तुमच्या भीतीने लपून का होईना, या पोरीने स्वतःसाठी एक रस्ता शोधला. मला तरी पूर्ण पत्रात हीच एक चांगली बातमी दिसली.

तिचा निकाल तुम्ही अजून बघितलेला नाही. तिला विचारून, तिच्याबरोबर बघा. कॉलेज निवडताना ते आरोग्य विद्यापीठाशी संलग्न आहे ना, नर्सिंग कौन्सिलची मान्यता आहे ना आणि स्वतःचं किंवा जोडलेलं चालू हॉस्पिटल आहे ना, एवढं प्रत्यक्ष जाऊन तपासा, नुसत्या माहितीपत्रकावर जाऊ नका. डोमिसाइल (राज्याचे रहिवासी असल्याचा दाखला) आणि आरक्षणासाठी लागत असेल तर नॉन क्रिमिलेअर दाखला काढायला वेळ लागतो, कॅप राउंडच्या तारखा त्यासाठी थांबत नाहीत, तेव्हा तेवढं याच आठवड्यात सुरू करा.