टाकी राहू द्या, वायर जाड घ्या

प्रश्न : माझ्याकडे फोर-व्हील-ड्राइव्ह गाडी आहे, टायर २४५/७५ आर १६. दगडधोंड्यांच्या वाटेला लागण्याआधी मी चारही टायरमधला हवेचा दाब १८ पीएसआयपर्यंत (पाउंड दर चौरस इंच) उतरवतो आणि डांबरी रस्त्यावर आलो की पुन्हा ३४ करतो. सध्या सिगारेट लायटरच्या सॉकेटला लावायचा छोटा पंप आहे. चार चाकांना पाऊण तास जातो, आणि मागच्या खेपेला तिसऱ्या चाकावर फ्यूजच उडाला. आता गाडीतच कायमचा कॉम्प्रेसर बसवायचा आहे. मित्र म्हणतो, २० लिटरची टाकी घे, टायर चुटकीसरशी भरतील. टाकी केवढी घेऊ आणि हे सगळं बसवू कुठे?

उत्तर : तुमच्या मित्राचं आणि माझं एके काळी छान जमलं असतं. मीही हेच म्हणायचे. माझ्या गाडीत आज हवेची जी मांडणी आहे ती तिसरी. पहिल्या दोन कशा फसल्या, ते सांगता सांगता तुमचं उत्तर येईलच.

आधी टाकीचा हिशेब. तुमच्या मापाच्या टायरमध्ये साधारण ६० लिटर जागा असते. १८ वरून ३४ वर जायचं म्हणजे १६ पीएसआय वाढवायचे. वातावरणाचा दाब १४.७ पीएसआय. म्हणजे एका चाकात बाहेरची जवळपास ६५ लिटर हवा कोंबायची, चार चाकांत २६०. आता ती २० लिटरची टाकी १२० पीएसआयला गच्च भरलेली धरा. ती ३४ पर्यंत उतरेस्तोवर तिच्यातून ११७ लिटर हवा निघते. दोन चाकंसुद्धा धड होत नाहीत. पुढची सगळी हवा कॉम्प्रेसरनेच द्यायची आहे.

आणि इथेच खरी गोम आहे. पिस्टनचा कॉम्प्रेसर जितक्या जास्त दाबाविरुद्ध ढकलतो, तितकी कमी हवा देतो. माझ्या कॉम्प्रेसरच्या खोक्यावर मिनिटाला ७० लिटर असं ठसठशीत छापलं होतं, पण तो आकडा शून्य दाबाचा. आतल्या कागदावरचा तक्ता पाहिला तर ३० पीएसआयला ४५ लिटर. शंभरच्या आसपास त्याहून बराच कमी. टायर थेट भरलात तर कॉम्प्रेसर सगळा वेळ १८ ते ३४ च्या दरम्यान काम करतो, म्हणजे त्याच्या आवडीच्या पट्ट्यात. टाकी मध्ये घातलीत की तीच हवा तो आधी १००-१२० पीएसआयपर्यंत दाबत बसतो, आणि तुम्ही ती पुन्हा ३४ ला सोडता. डोंगर चढून मग खाली विहिरीवर पाणी आणायला जाण्यासारखं आहे हे. थेट भरलं तर २६० भागिले ४५, सहा मिनिटांच्या आत काम. नळी एका चाकावरून दुसऱ्यावर नेण्यात जाणारा वेळ धरून दहा मिनिटं म्हणा.

टाकी निरुपयोगी असं मी म्हणत नाही. नट सोडवायला हवेवरचा इम्पॅक्ट रेंच चालवायचा असेल, किंवा रिमवरून सुटलेला टायर एका झटक्यात परत बसवायचा असेल, तर थोड्या वेळात पुष्कळ हवा लागते आणि ती टाकीच देते. तुमच्या पत्रात यातलं काहीच नाही. १८ च्या खाली तुम्ही जात नाही, त्यामुळे टायर रिमवरून सुटण्याचा प्रसंगही सहसा यायचा नाही. दीड-दोन लिटरची छोटी टाकी मात्र घ्या. ती हवा साठवण्यासाठी नाही. नळी या चाकावरून त्या चाकावर नेताना दाब क्षणात चढतो आणि प्रेशर स्विच (दाब पाहून कॉम्प्रेसर आपोआप चालू-बंद करणारा) सारखा चालू-बंद होतो, ते या छोट्या टाकीने थांबतं. तिच्यावर सेफ्टी व्हॉल्व्ह हवाच, आणि तळाला पाणी काढायचा कॉकही. दाबलेली हवा गार झाली की तिच्यातला ओलावा पाणी होऊन तळाला साचतो. महिन्याकाठी कॉक उघडलात तर गंजाच्या रंगाचं चमचाभर पाणी निघेल. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला ते तेलच वाटलं होतं.

कॉम्प्रेसर घेताना दाबापेक्षा दोन गोष्टी बघा : ३० पीएसआयला मिनिटाला किती लिटर, आणि ड्यूटी सायकल किती. ड्यूटी सायकल ३३ टक्के म्हणजे तासात २० मिनिटं चालायचं आणि ४० मिनिटं गार व्हायचं. तुमच्या एकट्याच्या चार चाकांना तेवढं पुरतं. पण बरोबरच्या तीन गाड्या रांगेत उभ्या राहिल्या (आणि राहतातच, एकदा कळलं की तुमच्याकडे कॉम्प्रेसर आहे!) तर १०० टक्क्यांचा घेतला असता तर बरं झालं असतं, असं वाटेल.

आता वायर. माझी पहिली मांडणी इथे फसली. कॉम्प्रेसर मागच्या सीटच्या मागे, बॅटरी पुढे बोनेटखाली, अंतर पाच मीटर. माझ्याकडे ४ स्क्वेअर एमएमची वायर पडून होती, तीच ओढली. कॉम्प्रेसर ३० अँपिअर खायचा. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ व्होल्ट आणि कॉम्प्रेसरच्या तोंडाशी १२.३. दीड व्होल्ट नुसता वायर तापवण्यात! जायचे पाच आणि यायचे पाच असे दहा मीटर तांबं मोजायचं असतं, हे मी सोयीस्कर विसरले होते. कॉम्प्रेसर रडत रडत चालायचा, आणि मी कॉम्प्रेसरलाच शिव्या द्यायचे. पुढे १६ स्क्वेअर एमएमची वायर घातली, निगेटिव्हही बॅटरीपर्यंत स्वतंत्र नेली, तेव्हा तोच कॉम्प्रेसर वेगळा वाटला. तोंडाशी १३.४ व्होल्ट आले.

तुमचा छोटा पंप बंद पडला, त्यातही त्याचा दोष थोडाच असावा. लायटरच्या सॉकेटचा फ्यूज बहुधा १० किंवा १५ अँपिअरचा असतो. त्याच्या काठावर चालणारा पंप गरम झाला, दाब वाढला, की ओढ वाढते आणि फ्यूज आपलं काम करतो. तिथे मोठा फ्यूज घालायचा मोह झाला असेल तर आवरा. फ्यूज वायरचं रक्षण करतो, आणि त्या सॉकेटची वायर बारीक असते. नव्या मांडणीतही हाच नियम : फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरात. कॉम्प्रेसरपाशी लावलेला फ्यूज मधली पाच मीटर वायर चासीला घासून उघडी पडली तर काहीही वाचवत नाही. डॅशबोर्डवरचं बटण आणि प्रेशर स्विच यांच्यातून फक्त रिलेचा (बारीक करंटने मोठा करंट जोडणारा-तोडणारा स्विच) बारीक करंट जाऊ द्या, मोठा करंट रिलेने तोडावा. आणि त्या बारीक वायरीला वीज इग्निशनवरून द्या, थेट बॅटरीवरून नाही. का, ते आता सांगते.

दुसऱ्या मांडणीत मी १० लिटरची टाकी बसवली होती (मित्राच्या सल्ल्यासारखीच) आणि कॉम्प्रेसर बोनेटखाली. एका मुक्कामी रात्री तंबूत झोपलो होतो. दर वीस मिनिटांनी घर्रर्र, मग शांतता, मग पुन्हा घर्रर्र. मी अर्धवट झोपेत ऐकत राहिले, पण उठले नाही. सकाळी शेजारच्या तंबूतल्याने चौकशी केली, रात्रभर कोण घोरत होतं म्हणून. गाडीला चावी लावली तर नुसतं टक्. बॅटरी संपलेली.

झालं होतं असं : टाकीच्या तोंडाला पाव इंची एनपीटी (अमेरिकी पद्धतीचे) आटे होते आणि मी त्यात पाव इंची बीएसपी (ब्रिटिश पद्धतीचं) फिटिंग पिळलं होतं. दोन्ही दिसायला जुळे भाऊ. पण एनपीटीला इंचात १८ आटे आणि त्यांचा कोन ६० अंश, बीएसपीला १९ आटे आणि कोन ५५. पहिले दोन-तीन आटे इतके गोड बसतात की शंका येत नाही, मग जरा घट्ट लागतं आणि आपण ते घट्ट लागणं म्हणजे सील झालं असं समजतो. टेफ्लॉन टेपचे कितीही वेढे द्या, तिथून हवा झिरपणारच. दाब उतरला की स्विच लागणार, कॉम्प्रेसर सुरू होणार. बटण मी बंद करायला विसरले होते आणि वीज थेट बॅटरीवरून होती.

तेव्हापासून फिटिंगच्या दोन पिशव्या वेगळ्या ठेवते आणि आटे मोजायची पात्याची गेज लावल्याशिवाय काही पिळत नाही. टेप लावताना पहिला आटा मोकळा सोडा, नाहीतर टेपचा तुकडा सुटून व्हॉल्व्हमध्ये जाऊन बसतो. सगळं जोडून झालं की प्रत्येक सांध्याला साबणाचं पाणी लावा. मग १२० पीएसआयला भरून, बटण बंद करून, रात्रभर तशीच ठेवा. हवा दहा-बारा अंशांनी गार झाली तर सकाळी पाच-सहा पीएसआय कमी दिसतील. ती गळती नव्हे. वीस कमी दिसले तर मात्र पुन्हा साबण घ्या.

जागेबद्दल. बोनेटखाली बॅटरी जवळ असते, वायर वाचते, म्हणून सगळे तिथेच धावतात. मीही धावले. चढणीवर तासभर तापलेल्या इंजिनशेजारी कॉम्प्रेसरला बसवलं तर तो सुरू होण्याआधीच अर्धा तापलेला असतो. दोन चाकं भरली की थर्मल कट-ऑफने बंद. शिवाय गरम हवा विरळ, म्हणजे प्रत्येक झटक्यात ती कमी भरते. बोनेटखाली एक्झॉस्टपासून लांब, वारा लागेल असा कोपरा असेल तर हरकत नाही. माझ्या गाडीत तसा नव्हता. चासीखाली लावू नका, पहिल्या ओढ्यातच पाणी ओढेल. आज माझा कॉम्प्रेसर ड्रायव्हरच्या सीटखाली आहे, रबरी पायांवर. आवाज होतो. होऊ दे. दहा मिनिटांचा तर प्रश्न, आणि तेवढा वेळ मी बाहेर चाकापाशी उकिडवी बसलेली असते.

एक गोष्ट सीटखाली बसवलं तरी चुकवू नका. कॉम्प्रेसरमधून निघणारी हवा हात भाजेल इतकी गरम असते. म्हणून पहिला मीटरभर तरी स्टीलच्या जाळीची नळी हवी. त्यानंतर नायलॉनची चालते. टाकीच्या तोंडाशी नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह लावा, म्हणजे भरलेली हवा उलट येऊन पिस्टनवर दाब देत बसणार नाही.

प्रश्न : घरी जाड पीव्हीसी पाइपचा तुकडा आहे, दोन्ही बाजूंनी टोप्या चिकटवून टाकी करता येईल का? पाइपवर छापलेला दाब माझ्या गरजेपेक्षा जास्त आहे.

उत्तर : नाही. तो छापलेला दाब पाण्याचा आहे. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे पाण्याची नळी फुटली तर तडा जातो आणि कपडे भिजतात. दाबलेली हवा स्प्रिंगसारखी शक्ती धरून बसलेली असते, आणि पीव्हीसी फुटतं ते सुऱ्यांसारख्या तुकड्यांनी. थंडीत आणि हादऱ्यांनी ते आणखी ठिसूळ होतं, आणि तुम्ही ते दगडांवरून आपटत नेणार. बंपरच्या किंवा रोल बारच्या पोकळ नळीत हवा साठवणारेही भेटतात. लोखंड आतून गंजतं, बाहेरून रंग चकाकत असतो. हवेसाठी बनवलेली, दाब छापलेली टाकीच घ्या.

प्रश्न : जुन्या गाडीचा एसी कॉम्प्रेसर इंजिनच्या पट्ट्यावर लावून हवा करता येते म्हणतात. फायद्याचं आहे का?

उत्तर : हवा भरपूर मिळते, विजेवरच्या बहुतेक छोट्या कॉम्प्रेसरपेक्षा जास्त. पण कॉम्प्रेसर कोणता, यावर सगळं आहे. यॉर्क कंपनीच्या जुन्या कॉम्प्रेसरला स्वतःचं तेलाचं पोट असतं, तो या कामाला बरा. नंतरच्या बहुतेक एसी कॉम्प्रेसरना तेल गॅसबरोबर फिरून मिळतं. गॅस काढलात की तेलही गेलं, आणि तो थोड्याच दिवसांत जाम होतो. मग इनटेकला तेल थेंबथेंब सोडायची सोय करावी लागते. ते तेल पुढे हवेबरोबर जातं, म्हणून बाहेरच्या बाजूला तेल वेगळं करणारा फिल्टर लागतो. हवेवर चालणारे डिफरन्शियल लॉक (एका धुरीची दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरवणारे) असतील तर त्यांच्या ओ-रिंगना हे तेल मानवेलच असं नाही. लेथ, पट्ट्याची ओळ आणि ब्रॅकेट यांत रमणारे असाल तर जरूर करा. मी स्वतः करणार नाही.

प्रश्न : भरताना गेज ३६ दाखवतं, नळी काढून हातातल्या गेजने पाहिलं तर ३१. कोणतं खरं?

उत्तर : हातातलं. हवा वाहत असताना नळीवरचं गेज टायरमधला दाब दाखवत नाही, वाल्व्हच्या बारीक तोंडामागे तुंबलेला दाब दाखवतं. कॉम्प्रेसर जितका मोठा तितका हा फरक जास्त. हवा थांबवा, काटा स्थिरावू द्या, मग वाचा. माझ्या गाडीवर ३६ ला थांबवलं की खरे ३१-३२ असतात, हे पाठ झालं आहे, पण तुमच्या नळीचा फरक तुम्हालाच काढावा लागेल. शिवाय दाराच्या कडेवर छापलेला आकडा गार टायरचा असतो. आडवाटेवरून ऊन टायर घेऊन आलात आणि नेमके ३४ भरलेत, तर उद्या सकाळी ३१ सापडतील. मी त्या वेळी दोन-तीन जास्तच भरते आणि सकाळी निघताना हातातल्या गेजने पुन्हा बघते.