रस्त्यावर बसून स्केच करायला सुरुवात करताय ना, मग आधी एवढंच करा

अरे वा, सुरुवात केलीत हेच भारी! सामानाचं टेन्शन घेऊ नका. ए५ साइजची वही आणि ०.५ मिमी टोकाचं एक वॉटरप्रूफ पेन, बस. रंग महिनाभर तरी घरीच ठेवा. मी पहिल्यांदा २४ रंगांचा डबा घेऊन गेले होते आणि अर्धा तास नुसती कुठला रंग घेऊ करत बसले, तोवर ऊन सरकलं आणि सावल्या कुठच्या कुठे गेल्या.

नवीन लोकांचं हमखास काय चुकतं तर अख्खी इमारत काढायला घेतात, खिडक्या मोजत बसतात आणि तिसऱ्या मजल्यावर कंटाळतात. त्यापेक्षा एकच दरवाजा घ्या, त्याची झिजलेली पायरी, कडीखालचा हात लागून लागून काळा पडलेला पट्टा.

आणि हे तीन पाळा:
- २० मिनिटं झाली की थांबा, अर्धवट असलं तरी.
- खोडरबर नको. रेष चुकली तर शेजारी दुसरी मारा.
- क्षितिजरेषा कायम आपल्या डोळ्यांच्या उंचीवर. उभं राहून काढत असाल तर सपाट रस्त्यावर आपल्याच उंचीची माणसं जवळ असोत नाहीतर लांब, डोकी साधारण त्याच रेषेवर येतात, लांबच्यांचे फक्त पाय वर सरकतात. हे कळायला मला वर्ष लागलं :)

पर्स्पेक्टिव्हचं, म्हणजे जवळचं-लांबचं कागदावर कसं दाखवायचं त्याचं, बाकीचं नंतर बघू. लोक मागून डोकावतात त्याची सवय होते, भिंतीला पाठ लावून बसा. पानावर तारीख मात्र टाका हं.