वेलँडमध्ये एक एरर आली की क्लायंट थेट का मरतो?

नांदेडला कॉलेजच्या प्रोजेक्टात खिडकी उघडायच्या आतच कनेक्शन तुटतंय म्हणता, तर ते मुद्दामच तसं आहे. वेलँड म्हणजे लिनक्सवर प्रोग्रामच्या खिडक्या पडद्यावर दाखवायचा प्रोटोकॉल; तुमचा प्रोग्राम हा क्लायंट, खिडक्या मांडणारा तो सर्व्हर. त्यात प्रोटोकॉल एरर म्हणजे क्लायंटच्या कोडमधली चूक. सर्व्हर ऑब्जेक्टचा आयडी, एरर कोड आणि संदेश पाठवतो अन् लाइन कापतो. एक्स११ मध्ये (वेलँडच्या आधीची पद्धत) एरर सवडीने यायची. कोणत्या रिक्वेस्टची, ते सीक्वेन्स नंबरवरून शोधत बसा! त्यापेक्षा हे बरं, असं माझं मत. कोड बरोबर असूनही जे फसू शकतं, जसं डीएमए-बफ (ग्राफिक्ससाठी वाटून वापरायची मेमरी) आयात न होणं, त्याला ‘फेल्ड’ हा साधा इव्हेंट आहे. तिथे कनेक्शन टिकतं.

तुम्ही बहुतेक पहिल्या कॉन्फिगरला (खिडकीचा आकार वगैरे कळवणाऱ्या सर्व्हरच्या इव्हेंटला) अ‍ॅक (पोचपावती) द्यायच्या आधीच बफर, म्हणजे खिडकीतलं चित्र, जोडलाय. लई जणांचं हेच होतं. ‘WAYLAND_DEBUG=1’ हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल लावून प्रोग्राम चालवा, शेवटच्या ओळी बघा.