पोट दुखायचं थांबलं, मग ऑपरेशन कशाला?

प्रश्न : माझे यजमान 46 वर्षांचे आहेत. टेंपो चालवतात, मालाची चढ-उतारही स्वतःच करतात. वर्षभर त्यांना जेवण झालं की बरगड्यांच्या मधोमध कळ यायची, कोरडे उमासे यायचे, पण बाहेर काही पडायचं नाही. बेरियमचा एक्स-रे आणि सीटी स्कॅन केल्यावर कळलं की हायेटस हर्निया आहे, म्हणजे छाती-पोटामधल्या पडद्याचं भोक रुंदावलंय, आणि त्यातून जठर वर सरकून त्याला पीळ बसला आहे. सर्जन दुर्बिणीतून ऑपरेशन करायला सांगतात. पण सध्या दुखणं थांबलंय. घरचे म्हणतात, दुखत नाही तर पोट कशाला फाडून घ्यायचं? आणि ऑपरेशननंतर माणूस पोटभर जेवू शकतो का?
– एक वाचक, बार्शी

उत्तर : ताई, मी डॉक्टर नाही. एस.टी.त वाहक होतो, आता निवृत्त आहे. याच आजाराचं ऑपरेशन माझं झालंय. त्यामुळे वैद्यकीय निर्णय सर्जनचाच, पण यजमानांना काय होत असेल आणि पुढे घरात काय लागेल, ते मी सांगू शकतो.

आधी घरच्यांच्या शंकेबद्दल. दुखणं थांबलं म्हणजे जठर जागेवर आलं, असं मुळीच नाही. यकृत, प्लीहा, मोठं आतडं आणि छाती-पोटामधला पडदा, यांना जोडणाऱ्या बंधांनी जठर आपल्या जागी धरलेलं असतं. त्या पडद्याला अन्ननलिकेपुरतं भोक असतं. बंध सैल पडले आणि भोक रुंदावलं की जठर छातीत चढतं आणि स्वतःभोवती वळतं. पीळ अर्धवट असेल तोवर अन्न कसंबसं पुढे सरकतं. कधी पीळ आपोआप सुटतो, माणसाला हायसं वाटतं. भोक मात्र तसंच राहतं. पुढचं भरपेट जेवण, पुढचं जड पोतं, आणि पुन्हा तेच.

माझं हेच झालं. स्टँडच्या कँटीनला जेवून परतीच्या फेरीला तिकिटं फाडायला लागलो की कळ सुरू व्हायची. हृदयाचा म्हणून ईसीजी काढला, तो चांगला आला. मग पित्ताच्या गोळ्या, कित्येक वर्षं. रक्त कमी होत गेलं, जिना चढताना धाप लागायची, पण या सगळ्याचं मूळ एकच असेल असं कुणाच्या मनात आलं नाही. शेवटी एका सर्जननी छातीचा एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला. हृदयाच्या सावलीमागे हवेचा एक मोठा गोल होता आणि त्यात पाण्याच्या पातळीसारखी सरळ आडवी रेघ. त्यावर पेनचं टोक टेकवून ते म्हणाले, "हे तुमचं जठर. छातीत बसलंय." मोठ्या हर्नियात जठर पडद्याच्या कडेला घासून आतून थोडं थोडं रक्त जातं, हेही मला त्यांच्याकडूनच कळलं. यजमानांचं हिमोग्लोबिन तपासलं नसेल तर तपासून घ्या.

भीती आहे ती अचानक पूर्ण पीळ बसण्याची. 180 अंशांच्या पुढे जठर फिरलं तर वाट दोन्हीकडून बंद होते, रक्तपुरवठा तुटू शकतो आणि मग जिवावर बेततं. बोर्खार्ट नावाच्या जर्मन सर्जननी 1904 मध्ये याच्या तीन खुणा लिहून ठेवल्या, त्या आजही शिकवतात : पोटाच्या वरच्या भागात भयंकर कळ आणि फुगवटा, उमासे येऊनही उलटी न होणं, आणि नाकातून घातलेली नळी जठरात न उतरणं. तिसरी दवाखान्यात कळते, पहिल्या दोन तुम्हाला घरी कळतील. तशा अवस्थेत रात्री-अपरात्री ऑपरेशन करणं आणि माणूस धडधाकट असताना तारीख घेऊन करणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. म्हणून मी म्हणेन, आत्ता दुखत नाही, हीच ऑपरेशनची वेळ.

पोट फाडत नाहीत. चार-पाच छोटी छिद्रं पाडून जठर खाली ओढतात, पीळ सोडवतात, पडद्याचं भोक टाके घालून लहान करतात. बहुतेकदा जठराचा वरचा भाग अन्ननलिकेभोवती गुंडाळतात. कधी जठर पोटाच्या भिंतीला टाचून ठेवतात. यजमानांचं नेमकं काय करणार, हे सर्जनना कागदावर काढून दाखवायला सांगा. खर्चाची काळजी असेल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत हे बसतं का, ते योजनेतल्या रुग्णालयाच्या आरोग्यमित्राला विचारा. जाताना रेशनकार्ड आणि आधार घेऊन जा.

आता जेवणाचं. सुरुवातीला पातळच : ताक, डाळीचं पाणी, पेज. मग मऊ भात, खिचडी. गिळताना अडकल्यासारखं वाटतं, कारण आतल्या भागाला सूज असते. आठवड्यांगणिक ते कमी होतं. तुमच्याकडची कडक भाकरी सगळ्यात शेवटी, तीही आमटीत पूर्ण भिजवून. गुंडाळी घातलेली असेल तर ढेकर नीट येत नाही, म्हणून सोडा आणि थंड पेयं नकोत. एका वेळी थोडं, दिवसातून पाच-सहा वेळा, आणि जेवल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही.

खरा त्रास पथ्याचा नाही, आग्रहाचा आहे. आपल्याकडे पानावरून लवकर उठलेला माणूस म्हणजे रुसलेला किंवा आजारी. लग्नात मेहुणे जिलबी वाढायचे, बहीण म्हणायची, "दादा, माझ्यासाठी एक." नाही म्हटलं की तिचा चेहरा उतरायचा, आणि तो बघून मला घास गिळवत नसे. शेवटी माझ्या बायकोनेच पुढे होऊन सगळ्यांना सांगितलं की यांच्या पानात कुणी वाढायचं नाही, हे मागतील तेवढंच. त्या एका वाक्याने मला जेवढा आराम दिला तेवढा कुठल्याच औषधाने दिला नाही. हे काम तुम्ही करा, ताई. त्यांना स्वतःला ते सांगता येणार नाही, पुरुषांना अवघड जातं.

बाकी मी आज सगळं खातो, फक्त हळू आणि थोडं. उपासाला मात्र दिवसभर रिकामं राहून संध्याकाळी साबुदाण्याचं ताट संपवणं बंद केलं.

ओझ्याचा विचार मात्र गंभीरपणे करा. सहा आठवडे तरी जड काही उचलायचं नाही, असं मला सांगितलं होतं. हर्निया पुन्हा होऊ शकतो, म्हणून पोती उचलणं नंतरही नको. टेंपो चालवावा, चढ-उताराला हमाल लावावा. उत्पन्न थोडं घटेल, ते धरूनच चाला.

तारीख मिळेपर्यंत भरपेट जेवण टाळा, लांबच्या भाड्याला त्यांना एकटं पाठवू नका. सीटीच्या रिपोर्टची झेरॉक्स गाडीत ठेवा. वाटेत कुठे कळ आली आणि उमासे सुरू झाले, तर पित्ताची गोळी देऊन घरी आणत बसू नका. जिथे सर्जन आणि सीटीची सोय आहे अशा जवळच्या रुग्णालयात जा आणि तो कागद आधी पुढे करा.