वाचनालयाचे नूतनीकरण, आग आणि हात वर करणाऱ्या दोन विमा कंपन्या

प्रश्न : आमचे वाचनालय तालुक्याच्या गावी आहे. इमारत दगडी आणि सागवानी, खाली तीन गाळे भाड्याने दिलेले, वर ग्रंथालय आणि अभ्यासिका. डिसेंबरमध्ये ३८ लाखांची वर्क ऑर्डर देऊन नूतनीकरण काढले आणि जानेवारीत काम सुरू झाले. इमारतीचा ६० लाखांचा आणि आतील सामानाचा २० लाखांचा आगीचा विमा आहे. फेब्रुवारीत त्या विम्याचे नूतनीकरण झाले. मार्चमध्ये जुनी लोखंडी जाळी गॅस कटरने कापताना ठिणगी उडाली आणि छप्पर, कपाटे, सहा हजारांवर पुस्तके जळाली. सर्व्हेअरने २७ लाखांचे नुकसान काढले. कंपनीने मात्र ‘इमारतीतील बदल कळवला नाही’ म्हणून दावा फेटाळला. ठेकेदाराकडे ‘ऑल रिस्क’ पॉलिसी आहे, पण त्याची कंपनी म्हणते, जुनी इमारत त्यात नाही. ठेकेदार अडीच लाख देतो, बदल्यात ‘आमचे काही येणे नाही’ असे पत्र मागतो. एका गाळेधारकाने सहा लाखांची नोटीस पाठवली आहे. उरलेले काम अर्धवट पडले आहे. आम्ही काय करावे?

— एका वाचनालयाचे कार्यवाह

उत्तर :

कार्यवाह महोदय, सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र आणि सोबतची कागदपत्रे मी दोनदा वाचली. सर्वांत आधी एक सांगते : ठेकेदाराच्या त्या पत्रावर सही करू नका. अडीच लाख आज हातात पडतील हे खरे, आणि छपराविना पावसाळा काढलेल्या संस्थेला तेही मोठे वाटतात, हे मला कळते. पण आगीच्या विम्याचे पैसे ज्या दिवशी तुम्हाला मिळतील, त्या दिवशी ठेकेदाराकडून वसुली करण्याचा तुमचा हक्क विमा कंपनीकडे जातो. तो हक्कच तुम्ही सोडून बसलात तर कंपनीला दावा नाकारायला नवे आणि आताच्यापेक्षा भक्कम कारण मिळेल. सध्याचे कारण तितके भक्कम नाही. का, ते सांगते.

तुमची पॉलिसी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ या प्रकारची आहे. एका ठिकाणची मालमत्ता पाच कोटींपर्यंत असेल तर १ एप्रिल २०२१ पासून ही प्रमाणित पॉलिसी दिली जाते. परिस्थितीत बदल झाला तर कळवा, अशी अट तिच्यात आहे, आणि मी तुम्हाला खोटा दिलासा देणार नाही : लाकडी इमारतीत गॅस कटर चालवणे म्हणजे धोका वाढवणेच. जानेवारीत काम सुरू करताना कंपनीला लेखी कळवायला हवे होते. पण त्याच पॉलिसीत ‘वाढीव बांधकाम, फेरफार व विस्तार’ यांनाही विमा रकमेच्या १५ टक्क्यांपर्यंत संरक्षण दिले आहे. इमारतीत फेरफार होतील हे कंपनीने स्वतःच गृहीत धरले होते. त्यामुळे ‘बदल झाला, म्हणून दावा संपला’ एवढे म्हणून तिला सुटता येत नाही. तिला कळले होते का, हाच खरा प्रश्न आहे.

आणि इथे तुमच्या फायलीतला सर्वांत मोलाचा कागद तुम्ही सगळ्यात शेवटी लावला आहे. फेब्रुवारीत पॉलिसीचे नूतनीकरण करताना कंपनीचे विकास अधिकारी येऊन गेले आणि त्यांनी इमारतीचे फोटो काढून तुम्हाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले. दुसऱ्या फोटोत दर्शनी भिंतीला बांबूची परांची लागली आहे, खाली वाळूचा ढीग आहे आणि डाव्या कोपऱ्यात गॅसचे दोन सिलिंडर भिंतीला टेकून उभे आहेत. विकास अधिकारी हा कंपनीचा नोकर असतो, नुसता एजंट नव्हे. त्याने पाहिले ते कंपनीने पाहिले. काम चालू असलेली इमारत डोळ्यांनी पाहून कंपनीने प्रीमियम घेतला आणि दावा आल्यावर ‘आम्हाला माहीत नव्हते’ म्हटले. टेक्सको मार्केटिंग विरुद्ध टाटा एआयजी या २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयापुढे असाच प्रसंग होता. दुकान तळघरात आहे हे पाहून विमा दिला आणि आग लागल्यावर ‘तळघराला संरक्षण नाही’ म्हणून हात झटकले. न्यायालयाने ते मान्य केले नाही. तो मोबाइल जपून ठेवा. फोटो दुसऱ्याला फॉरवर्ड करून मूळ संदेश पुसू नका आणि फोन बदलायचा झाल्यास आधी मला विचारा.

सर्व्हेअरच्या अहवालात आणखी एक चूक दिसते. त्याने इमारतीचे मूल्य ६६ लाख धरले, विमा ६० लाखांचा म्हणून ‘अपुरा विमा’ ठरवला आणि त्या प्रमाणात भरपाई कापली. ही तूट ९ टक्क्यांच्या आसपास येते. तुमच्या पॉलिसीत १५ टक्क्यांपर्यंतची तूट माफ आहे. म्हणजे ही कपातच चुकीची. २७ लाख हा आकडा शेवटचा समजू नका. सर्व्हेअरचा अहवाल महत्त्वाचा असला तरी तो ब्रह्मवाक्य नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये न्यू इंडिया विरुद्ध प्रदीप कुमार प्रकरणात सांगितले आहे.

पुस्तकांची भरपाई मात्र दाखल नोंदवहीवर अवलंबून राहील. ती आगीतून वाचली, हे तुमच्या ग्रंथपालबाईंचे उपकार. कपाटानुसार जळालेल्या पुस्तकांची यादी त्यांच्याकडूनच करून घ्या. हस्तलिखित पोथ्यांबद्दल वाईट वाटते, पण खरे तेच सांगायला हवे : पॉलिसीत स्वतंत्र नोंद केलेली नसेल तर हस्तलिखितांना संरक्षण नसते, आणि तुमच्या परिशिष्टात त्यांचा उल्लेख नाही.

आता ठेकेदाराची पॉलिसी. नूतनीकरणात संस्था फसतात त्या इथे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. ‘ऑल रिस्क’ हे नाव ऐकले की सगळे आले असे वाटते. प्रत्यक्षात त्या पॉलिसीचे दोन भाग असतात. पहिला भाग चालू कामाचा. तुमच्या ठेकेदाराने ३८ लाखांचा विमा घेतला, तो वर्क ऑर्डरची रक्कम पाहून. त्यात नवे फॉल्स सीलिंग, नवे वायरिंग, आणून ठेवलेला माल आला. ज्या भिंतींवर हे सगळे चढणार होते त्या जुन्या भिंती आल्या नाहीत. दुसरा भाग तिऱ्हाइताच्या नुकसानीचा. मग जुनी इमारत तिऱ्हाइताची धरता येईल का? नाही, कारण काम देणाऱ्याची स्वतःची मालमत्ता त्या भागातून स्पष्ट शब्दांत वगळलेली असते. जुनी इमारत अशी दोन भागांच्या फटीत पडते. ती भरून काढायला ‘मालकाची अस्तित्वात असलेली मालमत्ता’ असे जादा संरक्षण जादा प्रीमियम भरून घ्यावे लागते. तुमच्या ठेकेदाराने ते घेतले नाही, आणि वर्क ऑर्डरमध्ये तुम्ही ते मागितलेही नव्हते. ‘विमा ठेकेदाराने काढावा’ एवढी एकच ओळ आहे.

तरीही ती पॉलिसी तुमच्या कामाची आहे. आगीपूर्वी पूर्ण झालेल्या नव्या कामाचे नुकसान पहिल्या भागातून मिळू शकते. त्यासाठी ठेकेदाराने दावा लावावा असे त्याला लेखी कळवा. आणि गाळेधारक हे खरोखरच तिऱ्हाईत आहेत. सहा लाखांच्या नोटिशीला उत्तर देताना जबाबदारी नाकारा, ठेकेदाराच्या कामातून आग लागल्याचे नमूद करा आणि उत्तराची प्रत ठेकेदाराला व त्याच्या विमा कंपनीला पाठवा. दुसऱ्या भागाची मर्यादा तुमच्या कागदांत दहा लाख दिसते, ती या दाव्याला पुरते. गाळेधारकाचा स्वतःचा दुकानविमा असेल तर त्याने आधी तिकडे जावे, हेही सुचवा. भाडेकरूशी भांडण टाळले तर बरे, उद्या त्यांच्याच भाड्यावर संस्था उभी राहणार आहे.

विमा कंपनीविरुद्ध कुठे जायचे? जिल्हा ग्राहक आयोगाकडे. दाव्याची रक्कम २७ लाख असो की जास्त, आयोगाची पायरी (जिल्हा, राज्य की राष्ट्रीय) आता दाव्यावर नव्हे, भरलेल्या प्रीमियमवर ठरते आणि तो काही हजारांतच आहे, त्यामुळे तक्रारीला शुल्कही नाही. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षे. दावा फेटाळल्याचे पत्र तुम्हाला ज्या दिवशी मिळाले त्या दिवसाची नोंद पाकिटासकट जपा. कंपनी म्हणेल, गाळे भाड्याने आहेत, हा व्यापार आहे, तुम्ही ग्राहक नाही. त्याला २०२३ चा हर्सोलिया मोटर्सचा निकाल उत्तर देतो : नुकसान भरून निघावे म्हणून घेतलेला विमा नफ्यासाठी नसतो.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे : तुमचे वाचनालय न्यास, म्हणजे ट्रस्ट, म्हणूनही नोंदलेले आहे. २०१७ मध्ये प्रतिभा प्रतिष्ठान प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की न्यास ही ग्राहक कायद्यातली ‘व्यक्ती’ नाही, म्हणून तो ग्राहक म्हणून तक्रार करू शकत नाही. तो निकाल १९८६ च्या कायद्यावरचा आहे आणि २०१९ च्या कायद्यातली व्याख्या रुंद आहे, तरी वाद ओढवून कशाला घ्यायचा? तुमची संस्था १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखालीही नोंदलेली आहे, आणि अशी संस्था व्याख्येत स्पष्ट बसते. तक्रार त्याच नोंदणी क्रमांकाने, कार्यकारी मंडळाच्या ठरावानिशी करा. दरम्यान कंपनीने थोडी रक्कम देऊ केली आणि ‘पूर्ण व अंतिम’ लिहिलेल्या पावतीवर सही मागितली, तर ‘हक्क राखून’ असे लिहिल्याशिवाय सही नको.

उरलेल्या कामाबद्दल. तुमच्या मंडळातले काही जण कर्ज काढून छप्पर घालू म्हणतात. सार्वजनिक न्यासाला धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय कर्ज काढता येत नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ३६अ मध्ये ते स्पष्ट आहे. परवानगीशिवाय काढलेले कर्ज विश्वस्तांच्या अंगाशी येईल. अर्ज आधी करा.

काम पुन्हा सुरू करण्याआधी आगीच्या विमा कंपनीला पत्र द्या : काय काम, किती दिवस, वेल्डिंग होणार की नाही. तिची मंजुरी पॉलिसीवर नोंदवून घ्या. ‘ऑल रिस्क’ पॉलिसी ठेकेदार आणि वाचनालय अशा दोघांच्या नावे हवी, जुन्या इमारतीची रक्कम घालून, आणि मजुरांचा विमा वेगळा. पॉलिसीची प्रत आणि प्रीमियमची पावती हातात आल्याशिवाय ठेकेदाराला जागेचा ताबा देऊ नका. प्रीमियम भरल्याशिवाय विम्याची जोखीम सुरूच होत नाही, हे विमा कायद्याचे कलम ६४ व्हीबी सांगते. ‘काढायला टाकलाय’ हे ठेकेदाराचे उत्तर ऐकून घेऊ नका. सरकारी इमारतींच्या कामात राज्याच्या विमा संचालनालयाचीच पॉलिसी लागते आणि ती नसेल तर बिलातून प्रीमियम कापला जातो. तसेच कलम तुमच्या करारात घाला : पॉलिसी नाही तर बिल नाही. आणि वेल्डिंग किंवा कटिंग संपल्यावर एक माणूस तासभर तिथेच थांबेल, पाण्याची बादली आणि अग्निशामक नळकांडे घेऊन, हेही लिहा. पंचनाम्यात रखवालदाराचा जबाब आहे, तो मी पुन्हा वाचला : मजूर साडेपाचला जेवायला गेले आणि धूर सव्वासहाला दिसला.

ठेकेदाराला या आठवड्यात एवढेच उत्तर पाठवा, स्पीड पोस्टने, पोचपावतीसह : ‘आपला प्रस्ताव मिळाला. आगीमुळे झालेल्या नुकसानीबाबत आपल्याविरुद्धचा कोणताही हक्क वाचनालय सोडत नाही. आपल्या ऑल रिस्क पॉलिसीखाली दावा तात्काळ दाखल करून त्याची प्रत आम्हास द्यावी.’ खाली अध्यक्ष आणि कार्यवाह अशा दोघांच्या सह्या. त्याची एक प्रत तुमच्या विमा कंपनीलाही जाऊ द्या.